अंगणातल्या सायकलीबरोबर हेल्मेटही असू द्या : बालवाड्यांना खुले पत्र

बालवाड्या चालवणाऱ्या सर्व संचालकांना, मुख्याध्यापिकांना आणि दिवसभर मुलांच्या मागे धावणाऱ्या सर्व ताईंना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या अंगणात तीनचाकी सायकली असतात, पेडल नसलेल्या बॅलन्स बाईक असतात, मागे आधाराची दोन छोटी चाकं लावलेल्या सायकली असतात. मुलं त्यांच्यावर तुटून पडतात. हे असंच राहावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. हे पत्र वाचून एखाद्या बालवाडीने सायकली कुलपात ठेवल्या तर मला फार वाईट वाटेल. माझं मागणं एकच आहे. सायकलीवर बसायच्या आधी मुलाच्या डोक्यावर हेल्मेट असावं, ते नीट बसवलेलं असावं आणि हा नियम अंगणातल्या एका फेरीलाही लागू असावा. हेल्मेट घालायचं नसेल तर त्या दिवशी वाळूत खेळावं, चेंडू खेळावा. सायकल उद्या.

मी बालवाडीत जाणाऱ्या मुलीची आई आहे. हेल्मेट विकत घेणं आणि घरी घालायला लावणं हे आमचं, पालकांचं काम आहे, ते मी तुमच्यावर ढकलत नाही. तरीही हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, कारण या वयात सवय लावण्याची जी ताकद तुमच्या अंगणात आहे ती आमच्या घरात नाही. घरी मूल एकटं असतं आणि आई सांगते म्हणून घालतं, किंवा घालत नाही. बालवाडीत सगळेच घालतात, म्हणून तेही घालतं. दोन-चार दिवसांत तेच दुसऱ्याकडे बोट दाखवून सांगायला लागतं, ‘ताई, याने हेल्मेट नाही घातलं!’ तीन-चार वर्षांच्या मुलांना नियम आवडतात, त्यातही सगळ्यांना सारखा असलेला नियम. हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

हा नुसता माझा अंदाज नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठी चालणाऱ्या हेड स्टार्ट बालवाड्यांमध्ये असा प्रयोग झाला होता. त्याचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे मुलांना हेल्मेटं दिली, प्रत्येकाच्या डोक्याला बसवून दिली, वर्गात आणि पालकांशी त्याबद्दल बोलणं झालं आणि बालवाडीत सायकल चालवताना हेल्मेट सक्तीचं केलं. आधी ४३ टक्के मुलं हेल्मेट घालत होती, नंतर ८९ टक्के घालू लागली. ज्या बालवाड्यांत हा कार्यक्रम राबवला नव्हता तिथे हेच प्रमाण ४२ वरून ६० टक्क्यांवर गेलं. मुलांमध्ये हेल्मेटचा वापर कशाने वाढतो, यावरच्या २९ अभ्यासांचा आढावा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळून बघणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातही हेच दिसलं की हेल्मेट हातात देणं आणि सगळ्या वस्तीने मिळून मोहीम चालवणं याचा परिणाम मोठा असतो. नुसतं शाळेत शिकवण्याचा परिणाम होतो, पण त्या मानाने कमी. म्हणून माझी विनंती आहे की भिंतीवर एक चित्र लावून आणि ‘सुरक्षा सप्ताहा’त एक गाणं म्हणून हा विषय संपवू नका. हेल्मेट खुंटीवर हवं, हाताशी हवं आणि रोज हवं.

आता तुमच्यापैकी अनेकींच्या मनातला प्रश्न. अंगणात कसला आला वेग? मुलं तर रांगल्यासारखी चालवतात, जमीन मऊ आहे, आम्ही शेजारीच उभ्या असतो.

वेगाचा संबंध इथे फार थोडा आहे. छोट्या सायकलीवर बसलेल्या मुलाचं डोकं जमिनीपासून साधारण एक मीटर उंच असतं. एक मीटरवरून पडलेली कोणतीही वस्तू जमिनीवर आदळते तेव्हा तिचा वेग ताशी सोळा किलोमीटरच्या आसपास असतो. सायकल जागच्या जागी उभी असली आणि मूल नुसतं कलंडलं, तरी डोकं फरशीवर असंच जोरात आदळू शकतं. त्यात या वयाच्या शरीराची ठेवणच अशी असते की तोल वरच्या बाजूला जातो. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढं असतं, मोठ्या माणसाचं साधारण आठव्या हिश्शाएवढं. बालवाडीतलं मूल या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. कवटी मोठ्यांपेक्षा पातळ असते. पडताना हात पुढे टेकवण्याची चपळाई अजून आलेली नसते आणि हातांनी तर हँडल घट्ट धरलेलं असतं. आणि त्या कवटीच्या आतला मेंदू? पाचव्या वर्षापर्यंत तो मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे नव्वद टक्के आकाराचा झालेला असतो. गुडघा खरचटला तर खपली धरते. मेंदूच्या इजेचं तसं नसतं.

हेल्मेट यात काय करतं, हे मला कळलं तेव्हापासून त्याच्याकडे बघण्याची माझी नजर बदलली. महत्त्वाचं काम बाहेरचं चकचकीत कवच करत नाही, आतला थर्माकोलसारखा फेस करतो. डोकं आदळताच हा फेस चिरडतो. चिरडताना डोक्याला थांबायला थोडं जास्त अंतर आणि थोडा जास्त वेळ मिळतो. थांबण्याचं अंतर चौपट झालं की डोक्यावरचा सरासरी जोर चौथ्या हिश्शावर येतो. एवढंच गणित आहे, पण ते मेंदूला वाचवणारं आहे. एकदा चिरडलेला फेस मात्र पुन्हा फुगत नाही. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसलं तरी टाकून द्यायचं. म्हणूनच, ज्याचा इतिहास माहीत नाही असं जुनं हेल्मेट कुणी प्रेमाने देऊ केलं तरी घेऊ नका.

हेल्मेटचा उपयोग किती, याबद्दल एक मोठा आकडा नेहमी सांगितला जातो : डोक्याच्या इजा ८५ टक्क्यांनी कमी होतात. तो अमेरिकेतल्या सिएटल शहरातल्या १९८९ सालच्या एका अभ्यासातला आहे. नंतरच्या अभ्यासांत फायदा त्यापेक्षा कमी दिसला, त्यामुळे मी तो वापरत नाही. २०१६ मध्ये चाळीस अभ्यास, म्हणजे चौसष्ट हजारांहून जास्त जखमी सायकलस्वारांची माहिती, एकत्र तपासली गेली. त्यात हेल्मेट घातलेल्यांमध्ये डोक्याला इजा होण्याची शक्यता निम्म्याने कमी आणि गंभीर इजेची जवळजवळ सत्तर टक्क्यांनी कमी आढळली. हे सगळ्या वयांचे आकडे आहेत. हेल्मेटमुळे पडणं टळत नाही, हात मोडायचा तो मोडतो, भरधाव गाडीपुढे त्याचा निभाव लागत नाही. पण गंभीर इजा इतकी कमी करणारी, मुलाच्या डोक्यावर मावणारी दुसरी वस्तू आपल्याकडे नाही.

मोठ्यांना कायद्याने सक्ती करावी का, त्याने लोक सायकल चालवणं सोडतात का, असा एक वाद जगभर चालू आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९९० मध्ये सर्वांना सक्ती केली, स्वीडनने २००५ पासून पंधरा वर्षांखालच्या मुलांना, फ्रान्सने २०१७ पासून बारा वर्षांखालच्या. तो वाद आपल्याला इथे सोडवायचा नाही. कायदा काहीही म्हणो, चार वर्षांच्या मुलाच्या हनुवटीखालचा पट्टा कुणीतरी माणसालाच लावायचा असतो.

आणि तो पट्टा कसा लावायचा, यावर थोडं सविस्तर लिहिते. मुलांच्या डोक्यावर हेल्मेट दिसतं, पण अनेकदा ते बसवलेलं नसतं. सगळ्यात जास्त दिसणारी गोष्ट म्हणजे मागे सरकलेलं हेल्मेट, सगळं कपाळ उघडं. मूल तोंडावर पडतं तेव्हा आधी कपाळच आपटतं. हेल्मेट डोक्यावर सपाट बसलं पाहिजे आणि पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटांवर आली पाहिजे. मुलाला नुसते डोळे वर करायला सांगा. त्याला हेल्मेटची कड दिसली तर ठीक. मग बाजूचे पट्टे. ते प्रत्येक कानाच्या बरोबर खाली एकत्र यायला हवेत, कानावरून जाणारे नकोत. शेवटी हनुवटीखालचा पट्टा. तो आणि हनुवटी यांच्यात एखादं बोट जाईल इतकाच सैल. मुलाला मोठ्ठी जांभई द्यायला सांगा. जांभई देताना हेल्मेट डोक्यावर किंचित खाली ओढलं गेलं तर पट्टा बरोबर आहे. मागे फिरवून घट्ट करायची चकती असेल तर ती आधी जुळवा, पण पट्ट्याचं काम चकतीवर सोडू नका. सगळं झाल्यावर हेल्मेट हातात धरून हलकेच पुढे-मागे हलवा. कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हलली पाहिजे.

उंच बांधलेली पोनी किंवा बो असलेली क्लिप आत असेल तर हेल्मेट कधीच नीट बसणार नाही. वेणी किंवा पोनी मानेशी बांधा. जाड टोपी आत नको. ‘दोन वर्षं चालेल’ म्हणून मोठं हेल्मेट घेऊ नका, हे आम्हा पालकांनाही ठणकावून सांगा. आतल्या गाद्या बदलून थोडं जुळवता येतं, पण डोक्यावर हलणारं हेल्मेट पडताना जागेवर राहत नाही.

एक बारीकशी गोष्ट, पण तिच्यावर बरंच काही अवलंबून असतं. क्लिप लावताना हनुवटीखालची नाजूक कातडी चिमटली जाते. एकदा चिमटलं की मूल कितीतरी दिवस हेल्मेट बघूनच मान फिरवतं आणि आपण म्हणतो, हट्टी आहे. क्लिप लावताना तुमचं बोट क्लिप आणि कातडी यांच्या मध्ये ठेवा. मुलाला आधी मान वर करायला सांगा. मुलांना स्वतः क्लिप उघडायला शिकवा. आपल्याला हवं तेव्हा काढता येतं हे कळलं की घालायची भीती निम्मी होते.

हेल्मेट घेताना आतलं मानकाचं लेबल बघायचं. अमेरिकेच्या नियमानुसार पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या हेल्मेटने डोक्याचा जास्त भाग, विशेषतः मागचा, झाकावा लागतो. युरोपात सायकलीच्या हेल्मेटसाठी ईएन १०७८ हे मानक आहे आणि लहान मुलांसाठी वेगळं ईएन १०८० आहे. हे वेगळं मानक का लागलं, ते प्रत्येक ताईला माहीत असायलाच हवं.

मूल सायकलीवरून उतरतं आणि हेल्मेटसकट थेट घसरगुंडीकडे, जंगलजिमकडे किंवा झाडाकडे धावतं. वर चढताना किंवा खाली सरकताना दोन दांड्यांच्या मध्ये शरीर जातं आणि हेल्मेट घातलेलं डोकं अडकतं. मूल हनुवटीच्या पट्ट्याला लटकतं. अशाने मुलांचे जीव गेले आहेत. त्यातून ईएन १०८० आलं. या हेल्मेटचा पट्टा ठराविक ओढ बसली की आपोआप सुटतो आणि सुटणारा भाग ओळखू यावा म्हणून हिरवा असतो. पण हिरवी क्लिप असो वा नसो, नियमाचा दुसरा अर्धा भाग पहिल्याइतकाच पक्का हवा : सायकलीवर हेल्मेट, चढायच्या खेळांवर हेल्मेट नाही. एकच अर्धा भाग शिकवणार असाल तर कृपा करून हा नियम सुरूच करू नका.

हे जमवायचं तर जागेची मांडणी मदतीला येते. सायकली फिरवायची जागा आखून घ्या आणि तिच्या तोंडाशी मुलांच्या उंचीवर खुंट्या लावा. आत जाताना हेल्मेट खुंटीवरून डोक्यावर, बाहेर येताना डोक्यावरून खुंटीवर. खुंटीपाशी मुलाचं नाव आणि एखादं चित्र असलं की वाचता न येणारं मूलही आपलं हेल्मेट ओळखतं. बाहेर जाताना चपला घालतो तितक्या सहज हे व्हायला हवं, आणि ते होतं.

मुलांना समजावताना भीती दाखवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. डोकं फुटेल, रक्त येईल, दवाखान्यात जावं लागेल, हे ऐकून तीन वर्षांच्या मुलाला हेल्मेट कळत नाही, सायकलची भीती मात्र बसते. ‘आपण सायकल चालवतो तेव्हा हेल्मेट घालतो’ इतकं साधं वाक्य रोज, त्याच शब्दांत, त्याच आवाजात पुरतं. बाहुलीला आणि अस्वलाला हेल्मेट घालून बघू द्या. आरशासमोर उभं करा. सायकल नसतानाही वर्गात थोडा वेळ घालून बसू द्या, डोक्यावरच्या त्या वजनाची ओळख होते. रंग मुलाला निवडू द्या, घालायचं की नाही ते मात्र नाही. घातल्यावर नुसतं ‘शाब्बास’ म्हणण्यापेक्षा ‘तू स्वतः क्लिप लावलीस’ असं म्हणा, त्याला आपण नेमकं काय केलं ते कळतं.

आणि एखादं मूल रडलं तर रडू द्या. आवाज न चढवता, रागावल्याचं न दाखवता, त्याच्यासाठी दुसरा खेळ शोधा. हा नियम शिक्षेसारखा वाटता कामा नये. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ज्या मुलाच्या घरी हेल्मेट घेणं परवडत नाही ते मूल कधीही कडेला उभं राहून दुसऱ्यांची सायकल बघत बसता कामा नये. म्हणून ‘प्रत्येकाने घरून आणावं’ एवढ्यावर नियम थांबवू नका. सायकली आणताना त्यांच्याबरोबर वेगवेगळ्या मापांची काही हेल्मेटं बालवाडीचीच म्हणून आणा. सायकलीच्या खर्चात ती धरली गेली पाहिजेत, वरचा खर्च म्हणून नव्हे.

सामायिक हेल्मेट म्हटलं की उवांचा विषय निघतो. काळजी रास्त आहे, पण ती आहे त्यापेक्षा मोठी करू नये. उवा मुख्यतः डोक्याला डोकं लागून पसरतात आणि डोक्याबाहेर एक-दोन दिवसांपलीकडे जगत नाहीत. शक्य तिथे प्रत्येकाला वेगळं हेल्मेट द्यावं. एकाहून जास्त मुलं वापरत असतील तर मध्ये ओल्या फडक्याने आतला भाग पुसावा, सुट्या होणाऱ्या गाद्या सौम्य साबणाने धुवाव्यात. वर्गात उवा झालेल्या दिवसांत सामायिक हेल्मेट आणि सायकल दोन्ही थोडे दिवस बाजूला ठेवावीत. जहाल रसायनं मात्र वापरू नका, त्यांनी फेस आणि कवच खराब होतं. चिकटचित्रं आणि रंग लावण्याआधीही बनवणाऱ्याची सूचना वाचा. तापलेल्या बंद गाडीत हेल्मेटं ठेवू नका.

तुमच्या दारात सकाळी मुलांना सोडायला येणाऱ्या आमच्याकडेही जरा कडक नजरेने बघा. मागच्या सीटवर मूल हेल्मेट घालून आणि आई उघड्या डोक्याने सायकल चालवते, हे मूल रोज बघतं आणि मोठं झालं की हेल्मेट काढून टाकायचं असतं एवढंच शिकतं. आम्हाला हे सांगायला संकोचू नका. वर्षाखालच्या धाकट्या बाळाला सायकलवर बसवून कुणी आलं तर त्यालाही थांबवा. त्या वयाची मान हेल्मेटचं वजन आणि सायकलचे हादरे पेलण्याइतकी भक्कम नसते, म्हणून बालरोगतज्ज्ञ वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला सायकलवर न्यायला मनाई करतात.

सिएटलमध्ये १९८७ मध्ये सायकल चालवणाऱ्या मुलांपैकी जेमतेम पाच टक्के हेल्मेट घालत. डॉक्टर, शाळा, पालक संघ आणि वर्तमानपत्रं एकत्र आली, हेल्मेटं सवलतीत मिळू लागली आणि १९९२ पर्यंत हे प्रमाण चाळीस टक्क्यांवर गेलं. पाच वर्षं लागली. तुमच्याकडे मुलं दोन-तीन वर्षं असतात, आणि अशा वयात असतात जेव्हा हेल्मेट न घालण्याची सवय अजून लागलेलीच नसते.

येत्या पालकसभेत हा विषय घ्या. खुंट्या ठोकायला, मापं घ्यायला, एकेका मुलाचे पट्टे जुळवायला वेळ लागतो आणि वर्गातल्या ताईंना तेवढे हात नसतात, हे आम्हाला दिसतं. त्या दिवशी आम्हाला बोलवा, आम्ही येऊ. पट्टे महिन्याभरात सैल होतात आणि डोकी वाढतात, म्हणून पुढच्या महिन्यात पुन्हा बोलवा.

आपली,
बालवाडीतल्या एका मुलीची आई